पाण्याला टेकल्यावर लागणारा दिवा

"खट्!"

ट्रिपर पुन्हा पडला. जेटीवरच्या नव्याकोऱ्या निळ्या पेटीतून तो आवाज आला आणि ओळीने लागलेल्या सगळ्या बोटींवरचे चार्जर, पंखे, रेडिओ एका दमात गप्प झाले. आमचा महादू ड्रायव्हर केबलचं टोक हातात धरून तसाच उभा राहिला.

"कुणाची रे बोट ती?" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"आणखी कुणाची? जाखाई!"

"काशा तांडेलाला सांगा, देवीला म्हणावं जरा दमाने घे. आमच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्यात अजून!"

जेटीभर हशा पिकला. काशा तांडेल म्हणजे जाखाईचे मालक, माझे वडील, आमचे आबा, काशिनाथ चोगले. बोटीच्या कडेवर एक पाय टेकून ते उभे होते. आबांना आपल्याला हसलेलं मुळीच खपत नसे. खारवणे बंदरात लहानथोर सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तर एरवी कुणाची हिंमत होत नसे. त्या दिवशी लोक हसले आणि आबा कुणाच्याही अंगावर धावून गेले नाहीत. 

मी त्यांचा डबा घेऊन आले होते. मासेमारीची बंदी दुसऱ्या दिवशी उठणार होती, सगळं बंदर घाईला आलेलं, जेवायला घरी यायला कुणाला फुरसत नव्हती. पावसाळाभर बोटी वर यार्डात ओढलेल्या होत्या, तेवढ्या काळात सोसायटीने जेटीवर वीज आणली होती. त्याआधी बर्फाच्या कारखान्यातून लोंबकळत आलेल्या एका वायरीवर सगळ्यांचं चालायचं. कोण कुठून जोडतोय, कुणाला पत्ता नसायचा. आता खांब आले, पेट्या आल्या, प्रत्येक बोटीला प्लग आला, आणि हा ट्रिपर आला.

"काशा, हे बघ." दामूशेट पेडेकर छत्री टेकत पुढे झाले. सोसायटीचे चेअरमन. आबांचे लहानपणचे सवंगडी, पण चेअरमन झाल्यापासून बोलताना मान जरा वर करून बोलायचे. "आपणच सगळ्यांनी हात वर करून ठराव केलाय. जी बोट लाईन पाडेल ती जेटीवर राहणार नाही. दुपारची भरती भरली की जाखाई सोड आणि खाडीत नांगर टाक. दुरुस्त झाली की बघू."

"आणि माझी जागा?"

"जागा रिकामी कशी ठेवू? मागचा पुढे सरकेल."

आबांच्या तोंडावरचा रंगच उडाला. लिलावाच्या शेडला लागून असलेली ती पहिली जागा आमची होती. गावाने दगड वाहून जेटी बांधली तेव्हा पहिली होडी माझ्या आजोबांची लागली, तेव्हापासूनची. सीझनची पहिली बोट त्या जागेवरून सुटायची, बाकीच्या तिच्या मागून. त्यात पैशाचा फायदा काडीचा नव्हता. पण आबा दर सीझनला त्या एका सकाळसाठी ठेवणीतला सदरा काढायचे. आणि बंदरात एकदा सोडलेली जागा परत मिळाली असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"तुमची पेटीच खराब असेल," आबा बेलवलकरांना म्हणाले. बेलवलकर म्हणजे पेट्या बसवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर. तरुण, उन्हाने लालबुंद झालेले.

त्यांनी वाद घातला नाही. शेजारच्या बोटीची केबल काढून आमच्या प्लगात लावून दाखवली. ट्रिपर जागचा हलला नाही. मग स्वतःची नवी केबल आणून जाखाईला जोडली. खट्!

"तांडेल, पेटी तिचं काम बरोबर करतेय," ते म्हणाले. "तुमच्या बोटीत करंट कुठून तरी बाहेर पळतोय. पेटीपर्यंतचं माझ्याकडे. बोटीतली वायर कुठून कशी फिरलीय, मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," आबा म्हणाले. "जाखाईत एकूण एक वायर माझ्या हातची आहे. दुसऱ्याने खिळा ठोकलेला नाही तिच्यात."

"मग शोधा."

 वायर टाकणं वेगळं आणि तिच्यातला दोष हुडकणं वेगळं, हे आबांनाही कळत होतं.

"आबा, मी बघू?" मी म्हटलं.

आता मी कोण, तेही सांगते. मी प्रमिला, घरात आणि गावात पमी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, वर्गात एकटी मुलगी. पास झाले ती वरच्या नंबराने, आणि तालुक्याला मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले होते. गावात कुणाचा पंखा अडला, कुणाचा पंप जळला, की पमीला हाक. पण आबांच्या बोटीवर नाही. घरच्या बायका बोटीवर चढायच्या त्या पूजेच्या दिवशी, देवीची ओटी भरायला, आणि लगेच उतरायच्या. आबांनी मला शिकवलं हौसेने, चार लोकांची बोलणी खाऊन शिकवलं, पण जाखाईचा विषय निघाला की म्हणायचे, "तिथलं मी बघतो."

"पमे, हे काय मिक्सर नव्हे गो," दामूशेट म्हणाले.

"दामूकाका, तुमच्या घरचा मिक्सर मीच चालू करून दिला. चटणी ओरपताना विचारलंत का कुणी केला म्हणून?"

पुन्हा हशा झाला, पण यावेळी आमच्या बाजूने. आबांनी पाण्याकडे बघितलं. भरतीने जेटीच्या खालच्या पायऱ्या गिळल्या होत्या. तेवढ्यात ती मागची बोट पुढे सरकायच्या तयारीने दोर सैल करायला लागली, तेही त्यांनी बघितलं.

"चपला काढ आणि चढ," ते म्हणाले.

मी चढले. खोटं कशाला सांगू, छाती धडधडत होती. पण ती भीतीने कमी आणि आनंदाने जास्त. शिडीने केबिनपाशी गेले तेव्हा जेटीवरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती, आणि मला ते आवडत होतं.

ट्रिपरचं काम साधं असतं. जत्रेला नेलेली पोरं मोजून नेतात आणि मोजून परत आणतात ना, तसं. एका वायरीने जेवढा करंट गेला तेवढाच दुसरीने परत आला पाहिजे. थोडाही कमी भरला की त्याचा अर्थ कुठेतरी तिसऱ्याच वाटेने गेला. मग तो कुणाचं ऐकत नाही, सरळ लाईन तोडतो. ती तिसरी वाट माणसाच्या अंगातूनही जाऊ शकते, म्हणून तर तो बसवतात.

"महादूकाका, बोटीतलं सगळं बंद करा. एकूण एक."

महादूने बोटांवर मोजत सांगितलं, "केबिनचा पंखा बंद. मासळीच्या कप्प्यातला दिवा बंद. पंप, वायरलेस, चार्जर, सगळ्यांचे प्लगच उपटलेत."

"मेन स्विच?"

"तोही खाली."

"नक्की सगळं?"

"आईशप्पथ सगळं."

"लावा केबल."

खट्!

माझा जीव उलट भांड्यात पडला. मेन बंद असताना ट्रिपर पडतोय, तर घोटाळा मेनच्या अलीकडेच असणार. केबल बोटीत शिरते तो लाकडी डबा आणि मेन स्विच, यांच्यामध्ये हातभर जागा. हातभर जागेत लपून लपून काय लपणार! मी डबा उघडला. दोन जाड वायरी मेनकडे गेलेल्या. खारवलेल्या नाहीत, ओल्या नाहीत, आबांनी एखाद्या दागिन्यासारख्या बसवलेल्या. तरी दोन्ही सोडवल्या, टोकांना टेप गुंडाळली.

"लावा."

खट्!

आता मात्र माझं तोंड उतरलं. बोटीकडे जाणारं काही जोडलेलंच नाही, मग हा करंट जातोय कुठे? वरून कुणीतरी म्हणालं, "अगो, समुद्रच पितोय वाटतं." बोलणाऱ्याला मी एक कडक नजर दिली. खरं तर तो बरोबर बोलत होता, पण ते ना त्याला ठाऊक होतं ना मला.

दामूशेट घड्याळ बघत होते. आबा माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी ठरवलं, डब्यात डोकं खुपसून उपयोग नाही. उठले, केबिनच्या दारात मधोमध उभी राहिले, चहूकडे नजर ठेवली आणि म्हटलं, "महादूकाका, आणखी एकदा."

खट्! आणि त्या एका क्षणात केबिनच्या कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकलं. महादूने केबल खाली ठेवून हात जोडले.

"काय होतं ते?"

"काय म्हणजे? आई लुकलुकली."

"म्हणजे देवीचा दिवा चालू आहे?"

"चालूच असणार. तो कोण बंद करतो?"

"अहो, मी सगळं बंद करा म्हटलं होतं!"

"मग सगळं बंदच आहे की," महादू चिडून म्हणाला. "देवीचा दिवा कोण त्यात धरतो काय?"

जाखाईच्या केबिनमध्ये देवीची तसबीर होती आणि तिच्यापुढे लाल झिरोचा बल्ब. त्या दिव्याची ख्याती पार खाडीपलीकडे गेलेली. पावसाळ्यात बोट यार्डात असली की तो लागत नसे. यार्डातली वीज बोटीला जोडलेली असायची, पंखा फिरायचा, बाकीचे दिवे लागायचे, देवीचा मात्र नाही. लोक म्हणायचे, सीझनभर राबून आई झोपलीय. त्या दिवसांत इंजिनाला उघडा हात लावला तर झटका बसायचा, तर महादू म्हणायचा की झोपमोड केलेली आईला आवडत नाही. आणि मग बंदी उठायच्या सुमाराला बोट यार्डातली वायर जोडलेली असतानाच घसरत घसरत पाण्यात उतरायची, मागची बाजू पाण्याला टेकायची, आणि कुणी हात न लावता दिवा आपोआप लागायचा! ते बघायला गाव लोटायचं. बायका आपली पोरं पुढे करायच्या. परवाच यार्डातल्या जुन्या, ट्रिपर नसलेल्या लाईनवर तो तसाच लागला होता, आणि गर्दीत उभी राहून मीही हात जोडले होते.

मी पुन्हा डब्यापाशी बसले. दोन जाड वायरींच्या मागे बोट घातलं आणि तिसरी सापडली. बारीक, लाकडाच्याच निळ्या रंगात दरवर्षी रंगवली गेलेली, त्यामुळे लाकूडच वाटणारी. नखाने रंग खरवडत तिच्या मागे गेले. ती मेनच्या आधीच फुटून वरच्या तुळईने केबिनमध्ये, तसबिरीपर्यंत. चुकूनही कुणाकडून दिवा बंद होऊ नये म्हणून ती मेनला न विचारता घेतलेली. बरं, पण बल्बला दोन वायरी लागतात. दुसरी त्या डब्याकडे परत येतच नव्हती. ती फळीतल्या भोकातून खाली इंजिनाकडे गेली होती.

मी खाली उतरले. आबाही उतरले. इंजिनाच्या एका बोल्टला ती वायर छान वेटोळं करून आवळलेली होती.

"आबा, ही कुणी जोडली?"

"मीच. तू जन्मलीस त्या साली." ते वाकून बघायला लागले. "का? इंजिनावरच्या दिव्यांना एकच वायर असते, दुसरी बॉडीला. बॅटरीचं सगळं तसंच चालतं. दिवा तो दिवा."

बॅटरीचं तसंच चालतं, हे खरं. उभं आयुष्य इंजिनाच्या सोबतीत काढलेल्या माणसाला हेच सुचणार. पण हा करंट बॅटरीचा नव्हता. तो दिव्यातून इंजिनात उतरायचा, इंजिनातून त्याच्या लोखंडी दांड्यात, दांड्यातून बोटीखालच्या पंख्यात, आणि पंखा पाण्यात असला की पाण्यातून जमिनीत. बोट वर ओढली, पंखा कोरडा पडला, की वाट तुटली. दिवा बंद. मी त्यांना बोट ठेवून ठेवून सगळी वाट दाखवली.



"म्हणजे आई जागी होत नव्हती," आबा म्हणाले.

"दिवा लागत होता आबा. आई कधी झोपली होती, हे मला कुणी सांगितलेलं नाही."

"आणि महादूला झटका बसायचा तो?"

"तोच हा करंट. मधे बल्ब आहे म्हणून महादूकाका वाचले. होल्डर आतून गंजून दोन टोकं चिकटली असती तर वाचले नसते. आणि आपली पोरं सुकाणू धरून पोहतात, आबा."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. वर जाऊन तसबिरीला हात जोडले आणि तोच हात पुढे करून स्वतः बल्ब फिरवून काढला. जाखाईच्या देवीपुढचा दिवा पहिल्यांदाच कुणी स्वतःच्या हाताने बंद केला. माझ्याच्याने तो बल्ब काढवला नसता, मी उगाच शूर असल्याचा आव आणत नाही.

"लाव रे केबल," त्यांनी महादूला सांगितलं.

केबल लागली. ट्रिपर हलला नाही. जेटीवरचे रेडिओ चालूच राहिले.

मला तर नाचावंसं वाटत होतं. "आबा, इंजिनाची वायर काढून टाकते, दुसरी नीट डब्यापर्यंत आणते. जेवण होईस्तोवर दिवा परत लागेल. आणि वर सांगू, डबा ओला होता. कुणाला काही कळायला नको."

"बाकीच्यांचं काय?"

"कोण बाकीचे?"

"गोपाळच्या बोटीवर असाच दिवा आहे. लखमाच्याही. आपला बघून मागे लागले, मीच लावून दिले." ते थांबले. "आणि दामूच्या."

त्या तिन्ही बोटी अजून यार्डात होत्या, दुसऱ्या दिवशीच्या भरतीला उतरायच्या. मी टाळीच वाजवली. "मग तर बघाच मजा! उद्या चेअरमनची बोट लाईन पाडणार, आणि स्वतःच्याच ठरावाने खाडीत जाऊन बसणार! दामूकाकांचं तोंड मला बघायचंय."

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"झालं हसून?" ते म्हणाले. "वायर टाक."

मी वायर टाकली. आबांनी फळीत भोक पाडून दिलं, क्लिपा ठोकून दिल्या. नव्या वायरीलाही मेनच्या अलीकडेच ठेव म्हणाले, दिवा कुणाच्या हातून विझता कामा नये, आणि मी तशीच ठेवली, फक्त मधे तिचा वेगळा छोटा फ्यूज घातला. इंजिनाचा बोल्ट मोकळा केला, सोडवलेल्या जाड वायरी परत जोडल्या. मग आबांनी बल्ब परत बसवला आणि केबल लावायला सांगितली. लाल दिवा लागला आणि शांतपणे लागून राहिला. भरती पुरती भरली होती. मागच्या बोटीने दोर पुन्हा आवळून घेतले. बेलवलकरांनी पेटीपाशी मीटर लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला. ते माझ्यापेक्षाही खूश दिसत होते.

म्हणजे सगळं मार्गी लागलं होतं. जागा आमचीच होती. सदरा इस्त्री होऊन घरी लटकत होता. आम्ही दोघं जेटीवर चढलो, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"शाब्बास गो पमे!" दामूशेट म्हणाले, आणि खरोखरच मनापासून म्हणाले. "बरं, काशा, होतं तरी काय?"

मी तोंड उघडलं. डबा ओला होता, हे जिभेवर तयार होतं. त्याआधी आबा बोलले.

"देवीचा दिवा."

"काय?"

"देवीचा दिवा मी चुकीचा जोडला होता. एक वायर इंजिनाला दिली होती. बोट पाण्यात उतरली की करंट पाण्यातून जायचा आणि दिवा लागायचा. वर ओढली की बंद. बाकी काही नव्हतं त्यात."

 कुणाच्या तरी रेडिओवरचं गाणं अगदी जवळ ऐकू यायला लागलं. मग मागून एकजण म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही पाया पडत होतो ते..."

"देवीच्या पडत होतात. ते बरोबरच होतं," आबा म्हणाले. "वायर माझी होती. ती चूक होती."

कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी एकजण. मी आबांकडे बघत होते. ज्या माणसाला हसलेलं खपत नसे, तो माणूस हशा ओसरेपर्यंत हात मागे बांधून उभा राहिला. कान लाल झाले होते त्यांचे, पण मान खाली गेली नाही. मघापर्यंत त्या दिवसाचा सगळा अभिमान मला माझाच वाटत होता. तिसरी वायर सापडली, जागा राखली, पमीने करून दाखवलं! आता तो त्यांचा वाटायला लागला. पुढे मी रत्नागिरीपासून पार खाली सिंधुदुर्गापर्यंत बोटींची कामं घेतली, माझ्या हाताखाली माणसं आली, गावोगावच्या बंदरांत माझ्या नावाने हाका मारतात. पण बाप म्हणून काशा तांडेल मिळाला याचा जेवढा माज मला त्या घटकेला चढला, तेवढा स्वतःच्या कशाचाही कधी चढला नाही.

दामूशेटच्या एव्हाना ध्यानात यायला लागलं होतं. "काशा, म्हणजे माझ्या बोटीवर तू लावून दिलास तो..."

"तोही तसाच. गोपाळचा नि लखमाचाही. उद्या पाण्यात उतरलात की तुम्ही तिघंही लाईन पाडणार."

"आणि हे तू आज सांगतोयस?" दामूशेटच्या तोंडून निघून गेलं. "उद्या मी माझ्याच ठरावाने खाडीत गेलो असतो की रे! बघत बसला असतास मजेत."

मी जमिनीकडे बघायला लागले.

"दामू, तुझी बायको पूजेला इंजिनाला हळदकुंकू लावते," आबा म्हणाले. "अनवाणी, ओल्या फळ्यांवर उभी राहून. मी काय गंमत बघत बसू?"

दामूशेटनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग पहिल्यांदाच त्या दिवशी मान वर न करता म्हणाले, "मग आता कसं करायचं?"

"मला नको विचारू. मला ते कळत असतं तर अशी वायर टाकली असती का? हिला विचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, यार्डातली लाईन आधी बंद करा, इंजिनाला कुणी हात लावू नका, आजच्या आज तिन्ही बोटींचं करून देते, आणि देवीचा दिवा ज्याच्या त्याच्या बोटीवर तसाच लागेल, पाण्यात असो की जमिनीवर. दामूशेट म्हणाले, "चल तर मग."

मी माझी पिशवी उचलायला वाकले. पक्कड, टेस्टर, वायरीचं बंडल, चांगलं वजन होतं तिला. पण आबांनी ती आधीच उचलली होती. कुणाचं ओझं वाहिलेला माणूस नव्हता तो. बोटीवरही खलाशी त्यांची जाळी आणून देत. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि लिलावाच्या शेडपासून यार्डाकडे भराभर चालायला लागले, जाळ्यांवर बसलेल्या माणसांमधून, बर्फ फोडणाऱ्यांमधून, मासळीच्या रिकाम्या टोपल्या मांडून बसलेल्या बायकांमधून. आणि वादळात एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला हाळी देतात, तो आवाज त्यांनी काढला.

"ए गोपाळ! ए लखमा! सगळं बंद करा रे! पंखे, पंप, दिवे, सगळं! देवाचे दिवेसुद्धा! माझी मुलगी येतेय!"

कामाची घाई होती, भरतीही उतरायला लागली होती. तरी मी त्यांच्या मागून मुद्दामच सावकाश चालले.